माध्यमिक शाळेच्या नोट्स: विषय बदलला की वहीही बदला

नोट्सच्या नावाखाली बहुतेक मुलं पुस्तकच पुन्हा लिहून काढतात. धडा आठ पानांचा, नोट्स सहा पानांच्या. मधली चार वाक्यं गाळलेली, बाकी जसंच्या तसं. हात दुखतो, वही भरते, घरचे खूश होतात. चाचणीच्या दिवशी मात्र एवढंच आठवतं की हे आपण लिहिलं होतं, डाव्या पानावर, अगदी खाली. काय लिहिलं होतं, ते काही केल्या आठवत नाही.

उतारा काढताना डोळे आणि हात राबतात, डोकं सुट्टीवर असतं. नोट्स काढताना डोक्याला काम लागलं पाहिजे आणि ते प्रत्येक विषयात वेगळं असतं. इतिहासात कारणं जोडायची असतात, गणितात आपली चूक पकडायची असते, भूगोलात नकाशा डोळ्यांपुढे आणायचा असतो. म्हणून सगळ्या विषयांना एकच साचा लावू नका. पुढचं सगळं आठवी ते दहावीच्या अशा मुलांसाठी आहे, ज्यांनी आजवर फळ्यावरचं उतरवून घेतलं, पण स्वतःच्या नोट्स कधी काढल्या नाहीत.

आधी सामान

यावर फार वेळ घालवू नका. प्रत्येक विषयाला एक वही किंवा सुटी पानं आणि फाइल. सुटी पानं बरी, कारण नंतर मध्येच एखादं पान घालता येतं. दोन रंगांची पेनं, एक पेन्सिल, पट्टी. हायलायटर घेतलाच तर दुसऱ्या वाचनाआधी त्याचं टोपण उघडायचं नाही. पहिल्या वाचनात सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पान पिवळंधमक होऊन बसतं.

पहिली पायरी: पेन खाली ठेवून वाचा

धडा सुरुवातीपासून वाचायला घेण्याआधी शेवटचा स्वाध्याय वाचा. 'शास्त्रीय कारणे लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'टिपा लिहा' यांत काय विचारलंय ते एकदा डोळ्यांखालून गेलं, की धडा वाचताना लक्ष आपोआप योग्य जागी थांबतं. मग मथळे, आकृत्या, चौकटी पाहा आणि धडा एकदा सलग वाचून काढा. या वेळी काहीच लिहायचं नाही.

दुसऱ्या वाचनात एक मुद्दा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत दोन-तीन ओळी लिहायच्या. पुस्तक मिटणं इथे फार महत्त्वाचं आहे. उघडं असलं की नजर तिकडे जातेच आणि पुस्तकातलं वाक्य वहीत येऊन बसतं. अडलं तर पुन्हा उघडा, बघा, परत मिटा. व्याख्या, नियम आणि प्रमेयांची विधानं तेवढी शब्दशः घ्या, कारण तिथे एक शब्द सुटला तर अर्थ बदलतो. आठ-दहा पानांच्या धड्याच्या नोट्स दोन ते तीन पानांत बसल्या पाहिजेत. त्याहून लांबल्या, तर बहुधा उतारा सुरू झालाय.

दुसरी पायरी: पानाची मांडणी

विज्ञान, इतिहास आणि भूगोलासाठी एक जुनी मांडणी आजही छान चालते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात ती तयार केली. पानाच्या डावीकडे साधारण एक तृतीयांश जागा सोडून उभी रेघ मारायची. उजवीकडच्या रुंद भागात मुद्दे आणि खाली चार-पाच ओळींच्या पट्टीत अख्ख्या पानाचा सारांश. डावीकडचा भाग सुरुवातीला कोराच ठेवायचा.

तो कोरा भाग हीच खरी गंमत आहे. त्याच दिवशी संध्याकाळी उजवीकडचं वाचून डावीकडे प्रश्न लिहायचे. पुढे उजळणी करताना उजवा भाग झाकायचा आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची.

प्रश्न चांगला हवा. 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?' हा प्रश्न लिहून विशेष काही साधत नाही, त्याचं उत्तर पाठ म्हणून दाखवता येतं. त्याऐवजी असं लिहा: 'कुंडीतलं रोप दोन दिवस अंधारात ठेवलं आणि त्याच्या पानाची आयोडीन चाचणी घेतली, तर पान निळं-काळं का होत नाही?' याचं उत्तर देताना प्रकाश लागतो, ग्लुकोज तयार होतं, ते स्टार्चच्या रूपात साठतं, अंधारात तो साठा वापरला जातो आणि आयोडीन स्टार्च दाखवतं, हे सगळं एका दमात आठवावं लागतं. प्रयोगाची कृतीही याच प्रश्नाला लटकवता येते: चाचणीआधी पान अल्कोहोलमध्ये उकळून त्यातलं हरितद्रव्य का काढतात, आणि अल्कोहोल थेट ज्योतीवर न ठेवता गरम पाण्यात का ठेवतात? अल्कोहोल पटकन पेट घेतं, म्हणून. धड्यातल्या 'का?' आणि 'नाहीतर काय होईल?' अशा जागा शोधत गेलात की चांगले प्रश्न आपसूक सापडतात.

विज्ञान: एका विषयाच्या पोटात तीन

जीवशास्त्रात आकृती हीच नोट. हृदयाची किंवा मूत्रपिंडाची नामनिर्देशित आकृती पुस्तकात पाहून काढायची, मग पुस्तक मिटून पुन्हा काढायची आणि तिसऱ्यांदा नुसती नावं भरायची. चित्रकला चांगली नसली तरी बिघडत नाही. नावांच्या रेषा पट्टीने मारा, त्या एकमेकींना छेदू देऊ नका आणि रेषेचं टोक त्या भागाला नेमकं टेकू द्या.

भौतिकशास्त्रात प्रत्येक नियमाला एक पान द्या आणि त्यावर ठरावीक गोष्टी घ्या: विधान, अट, सूत्र, एककं, आलेख, एक सोडवलेलं उदाहरण. मुलं अट गाळतात. ओहमच्या नियमात 'वाहकाची भौतिक अवस्था आणि तापमान कायम असताना' हे शब्द सोडले तर विधान अर्धवट राहतं. बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, मग आलेख सरळ रेषेत कसा राहणार? हाच प्रश्न डावीकडे लिहून टाका. विद्युतधारा मोजणारा ॲमीटर एकसर जोडणीत आणि विभवांतर मोजणारा व्होल्टमीटर समांतर जोडणीत, हे परिपथाची आकृती स्वतः काढली की आपोआप बसतं.

भिंगांच्या धड्यात मुलं चिन्हांवर हमखास घसरतात, तिथे नोट्समध्ये जरा जास्त जागा द्या. एक उदाहरण पूर्ण घेऊ. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू भिंगापासून ३० सेंमी. भिंगाचं सूत्र असं: १ भागिले प्रतिमेचं अंतर, उणे १ भागिले वस्तूचं अंतर, बरोबर १ भागिले नाभीय अंतर. चिन्ह संकेताप्रमाणे वस्तू डावीकडे, म्हणून तिचं अंतर −३०. ते घातलं की १/१० − १/३० म्हणजे २/३० येतात आणि प्रतिमा १५ सेंमीवर मिळते. विशालन १५ भागिले −३०, म्हणजे −०.५. उणे चिन्ह सांगतं की प्रतिमा उलटी आहे आणि ०.५ सांगतं की ती वस्तूच्या निम्मी आहे. आता याच्याच खाली वेगळ्या रंगात लिहा: 'वस्तूचं अंतर +३० घेतलं तर उत्तर ७.५ येतं, चिन्ह तपास.' ही एक ओळ पानभर सिद्धांतापेक्षा कामाची. असं चुकीचं उत्तर आधीच ओळखीचं असलं, तर परीक्षेत ते आल्याबरोबर खटकतं.

रसायनशास्त्रात अभिक्रियांची यादी करू नका, प्रत्येक अभिक्रियेत दिसतं काय ते लिहा. मॅग्नेशियमची फीत जाळली तर डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश आणि मागे पांढरी पूड. कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला तर काही वेळाने द्रावणाचा निळा रंग फिका पडून हिरवट होतो आणि खिळ्यावर तांबूस थर बसतो. त्यापुढे कारण: लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला क्षारातून बाहेर काढतं, ही विस्थापन अभिक्रिया. संतुलित समीकरण सगळ्यात शेवटी. रंग, वास, वायूचे बुडबुडे अशा खुणा लक्षात राहिल्या की समीकरण त्यांच्या मागून येतं. उलट्या दिशेने सहसा येत नाही.

गणित: चुकांची वही

गणिताच्या नोट्स म्हणजे सुंदर अक्षरात उतरवलेली सोडवलेली गणितं, अशी समजूत सगळीकडे आहे. सोडवलेली गणितं पुस्तकात आहेतच, ती पुन्हा कशाला लिहायची? गणितात दोनच गोष्टी लिहून ठेवण्याजोग्या: सूत्रांचं पान आणि चुकांची वही.

सूत्रांच्या पानावर प्रत्येक सूत्रापुढे ते कधी लागतं आणि कधी लागत नाही, हे लिहा. पायथागोरसचं प्रमेय काटकोन त्रिकोणातच चालतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाजू दिल्या असतील आणि त्रिकोण काटकोन आहे का असं विचारलं असेल, तर तिथे त्याचा व्यत्यास वापरायचा असतो, हे पुढे लिहिलेलं असलं तर उपयोगी पडतं. भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमाने प्रमेय मांडताना डावीकडच्या समासात प्रत्येक पायरीचं कारण कंसात लिहायची सवय लावा. मग कारणं झाका आणि ती सांगता येतात का बघा. पायऱ्या पाठ असून कारणं येत नसतील, तर ते प्रमेय अजून आपलं झालेलं नाही.

चुकांच्या वहीत फक्त चुकलेली गणितं जातात. गणित उतरवा, आपली चुकीची पायरी तशीच ठेवा, तिच्याभोवती गोल करा, शेजारी चुकीचा प्रकार लिहा. प्रकार तीनच पुरतात. समजच चुकीची होती, आकडेमोड किंवा चिन्ह चुकलं, की प्रश्नच नीट वाचला नव्हता. महिनाभराने वही चाळली की आपला शत्रू कोण ते कळतं. बऱ्याच मुलांना वाटतं की त्यांचं गणित कच्चं आहे. वही सांगते की निम्म्या वेळा त्यांनी 'त्रिज्या' हा शब्द 'व्यास' असा वाचलाय.

समज चुकल्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे अ आणि ब यांच्या बेरजेचा वर्ग बरोबर अ वर्ग अधिक ब वर्ग, असं लिहून मोकळं होणं. अशा जागी नियम पुन्हा घोकण्यापेक्षा आकडे घालून बघा. ३ आणि ४ घ्या. बेरीज ७, तिचा वर्ग ४९. वेगवेगळे वर्ग ९ आणि १६, त्यांची बेरीज २५. मधले २४ कुठे गेले? दोनदा ३ गुणिले ४. हे स्वतःच्या हाताने एकदा केलं की मधलं पद सहसा सुटत नाही. शंका आली की छोटे आकडे घालून पाहायचं, ही युक्ती वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

आठवड्याने चुकांच्या वहीतली गणितं उत्तर झाकून पुन्हा सोडवा. दोनदा न अडखळता सुटलं, की त्यावर काट मारा.

इतिहास: 'म्हणून' या शब्दाने जोडा

सनावळ्यांची यादी करून इतिहास येत नाही, आणि सनावळ्या सोडून दिल्या तरी येत नाही. पानाच्या वरच्या भागात आडवी काळरेषा काढा, तीवर पाच-सहाच घटना. खाली त्या घटनांची कारणं आणि परिणाम बाणांनी जोडा आणि प्रत्येक बाणावर 'म्हणून' लिहून वाचून बघा. वाक्य लागलं तर बाण बरोबर.

फ्रेंच राज्यक्रांती घेऊ. काळरेषेवर मे १७८९ मध्ये इस्टेट्स जनरलची बैठक, जूनमध्ये टेनिस कोर्टवरची शपथ, १४ जुलैला बॅस्टिलचा पाडाव, ऑगस्टमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा, १७९२ मध्ये प्रजासत्ताक, जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईला मृत्युदंड. आता खालचा भाग. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला मदत करून फ्रान्सचा खजिना आटला, म्हणून नवे कर लावावे लागले. धर्मगुरू आणि सरदारांना करांतून मोठी सूट होती, म्हणून भार सामान्यांवर पडला. १७८८ मध्ये पीक बुडालं, म्हणून पुढच्या वर्षी ब्रेड महागला. ही झाली साखळी. कोणती कारणं बरीच वर्षं साठत आलेली आणि कोणती ऐन वेळची, हे दोन रंगांत दाखवा. मग डावीकडे एकच प्रश्न लिहा: 'विषमता शतकानुशतकं होती, मग क्रांती १७८९ मध्येच का झाली?' याचं उत्तर पाच ओळींत देता आलं, तर त्या घटनेवर येणाऱ्या बहुतेक दीर्घोत्तरी प्रश्नांची तयारी झाली म्हणा.

नागरिकशास्त्रासाठी वेगळी युक्ती लागत नाही. संस्था, तिची रचना, तिचे अधिकार आणि त्या अधिकारांवरची मर्यादा, एवढे चार रकाने पुरतात.

भूगोल: कोरा नकाशा

जे नकाशावर दाखवता येतं ते वाक्यात लिहू नका. कोरे नकाशे जवळ ठेवा आणि एका नकाशावर एकच विषय भरा: एकावर नद्या, एकावर पर्वत, एकावर सागरी प्रवाह. सगळं एकावरच कोंबलं तर तो वाचताच येत नाही.

दोन नकाशे शेजारी ठेवले की कारणं दिसायला लागतात. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा पाहा: किनाऱ्याला लागून थंड हम्बोल्ट प्रवाह आणि जमिनीवर अटाकामा वाळवंट. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला पाहा: थंड बेंग्वेला प्रवाह आणि शेजारी नामिब वाळवंट. थंड पाण्यावरची हवा थंड राहते, वर चढत नाही, पाऊस पडत नाही. 'भौगोलिक कारणे द्या' या प्रश्नाचं उत्तर असं नकाशातूनच निघतं. प्रमाणवेळेची गणितं असतील तर एक ओळ बस: पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं, पूर्वेकडे जाताना वेळ मिळवायची, पश्चिमेकडे वजा करायची.

भाषा

धड्याचा सारांश लिहीत बसू नका, तो कुठेही मिळतो. गद्य पाठासाठी तीन गोष्टी लिहा: घटना कुठे वळण घेते, एखाद्या पात्राचा स्वभाव कोणत्या कृतीतून किंवा बोलण्यातून दिसतो, आणि तुम्हाला न पटलेली एक गोष्ट. स्वमताच्या प्रश्नांना ही तिसरी गोष्ट फार उपयोगी पडते. कवितेत आधी सरळ अर्थ, मग तो अर्थ कुठल्या शब्दामुळे उठून दिसतो ते.

व्याकरणात नियम, दोन उदाहरणं आणि एक स्वतः शोधलेलं उदाहरण. संधीच्या पानावर 'अ किंवा आ यापुढे उ आला की ओ' असं लिहून सूर्य + उदय = सूर्योदय, महा + उत्सव = महोत्सव ही दोन द्या, आणि तिसरं वर्तमानपत्रातून हुडकून काढा. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतले नवे शब्द नुसत्या अर्थासकट लिहिले तर वापरता येत नाहीत. प्रत्येक शब्द एका छोट्या वाक्यात बसवा.

तिसरी पायरी: वर्गात काय लिहायचं

बाई किंवा सर बोलतात त्या वेगाने सगळं लिहिता येत नाही, तसा प्रयत्नही करू नका. फळ्यावरचं, दोनदा सांगितलेलं आणि पुस्तकात नसलेलं, एवढंच घ्या. पुस्तकात नसलेलं उदाहरण तर सोडूच नका. जे समजलं नाही तिथे जागा सोडून मोठं प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे चला, तास संपल्यावर विचारा. नेहमीच्या शब्दांची आपली लघुरूपं ठरवा, पण ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. दोन महिन्यांनी 'प्र.' म्हणजे प्रकाश, प्रमाण की प्रतिमा, हे आपल्यालाच उमगत नाही.

चौथी पायरी: उजळणीचं वेळापत्रक

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, असं त्यात दिसलं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी: त्याच संध्याकाळी. मग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं, ही समजूत मात्र मोडली पाहिजे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं, आठवून लिहिणारे पुढे गेले. नुसतं वाचणारा फसतो तो इथेच. वाचून झाल्या झाल्या सगळं येतंय असं वाटतं आणि ते खरंही असतं, फक्त त्या संध्याकाळपुरतं.

म्हणून उजवा भाग झाका, प्रश्न वाचा, उत्तर मोठ्याने सांगा किंवा कच्च्या वहीत लिहा, मग पडताळा. व्याख्या, सनावळ्या, शब्दार्थ, सूत्रं अशा सुट्या गोष्टींसाठी कार्डं करा, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली पेटीची पद्धत सोपी आहे. पेटीत कप्पे करायचे. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की सरळ पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे जास्त अंतराने. जे येत नाही ते रोज समोर येतं, जे येतं त्यावर वेळ जात नाही.

तयार नोट्सचं काय?

मोठ्या भावंडांच्या वह्या, मोबाईलवर फिरणाऱ्या फाइली, विकतची गाईडं, सगळं हाताशी असतं. वापरा, पण आपलं पान लिहून झाल्यावर. शेजारी ठेवून तपासा, आपलं काय सुटलं ते वेगळ्या रंगात भरा. तयार नोट्समध्येही चुका असतात. शंका आली तर पाठ्यपुस्तकावर विश्वास ठेवा.

आणि काही ठिकाणी नोट्स काढायच्याच नाहीत. पुस्तकात फरकाचा चांगला तक्ता असेल तर वहीत फक्त पान क्रमांक लिहा. जो धडा वर्गातच पूर्ण कळलाय, त्याचे पाच प्रश्न काढून पुढे जा. सरावाच्या गणितांच्या धड्यात तो वेळ दहा गणितं सोडवायला द्या. सुरुवात करताना सगळे विषय एकदम धरू नका. ज्या विषयात गेल्या चाचणीला सर्वांत कमी गुण पडले, त्यातला सध्या वर्गात चालू असलेला एक धडा घ्या, त्याचं पान तयार करा आणि उद्या संध्याकाळी उजवा भाग झाकून बघा. निम्मे प्रश्न अडले तर ते पहिल्या वेळी नेहमीचंच आहे. अडलेल्या प्रश्नांपुढे ठिपका द्या आणि पुढच्या उजळणीला ठिपकेवाल्या प्रश्नांपासून सुरुवात करा.